डावी बाजू कुणाची?

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. मोडका मात्र म्हणायचं नाही. माझी एकही तार तुटलेली नाही, पडदा अजून लख्ख दिसतो, आणि आवाज तर विचारूच नका. तरीही आज सकाळी भांडारवाल्या बाबूंनी माझ्या पाठीवर ‘निकामी’ अशी चिठ्ठी डकवली. का, तर माझ्या मापाच्या कपाळपट्ट्या आता कुठेच बनत नाहीत म्हणे. पट्ट्या बनत नाहीत, यात माझा काय दोष? शिसपेन्सिल संपली म्हणून कुणी हाताला निकामी म्हणतं का? तर ही चिठ्ठी पाठीवर वागवतच मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ती संपेपर्यंत मला कुणी इथून हलवून दाखवावं.

मी रुग्णालयातला मॉनिटर आहे. माणसाच्या मेंदूला ऑक्सिजन पुरेसा पोचतोय की नाही, हे मी प्रकाशाने बघतो. सुई नाही, कापाकापी नाही. तुम्ही कधी दिवे मालवून पेटती टॉर्च मुठीत धरली आहे का? बोटांच्या कडा लालबुंद दिसतात. म्हणजे प्रकाश मांसातून आरपार जातो. माझंही तसंच आहे. माझ्या दोन पट्ट्या कपाळाला चिकटवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक पट्टीत एक बारीकसा दिवा असतो. त्याचा बराचसा प्रकाश तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. तो कातडीतून, हाडातून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो आणि वळून परत येतो. ऑक्सिजन भरलेलं रक्त एका तऱ्हेने प्रकाश गिळतं, रिकामं रक्त दुसऱ्या तऱ्हेने. पट्टीतले दोन डोळे परत आलेला प्रकाश टिपतात. दिव्याजवळचा डोळा कातडीचं सांगतो, लांबचा डोळा कातडीचं आणि मेंदूचं मिळून सांगतो. मी एकातून दुसरं वजा करतो आणि शंभरातलं किती रक्त ऑक्सिजनने भरलेलं आहे, तो आकडा पडद्यावर मांडतो.

पेशंट मला हमखास विचारत, “हे माझ्या मनातलं वाचणार का?” नाही हो. तुमच्या मनात काय चाललंय याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही. मला फक्त रक्ताचं कळतं. तेही कपाळामागे जेमतेम दोन बोटं. पण तेवढ्या जागेत माझ्यासारखा पारखी सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती नसली तरी.

माझा जन्म एका कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर झाला. भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या एकेका तारेला डाग दिला. त्या सारख्या काहीतरी गुणगुणत. गुणगुणणं थांबलं, की समजायचं, जोड नाजूक आहे. मग मला रबराच्या नकली कपाळावर तपासलं. तपासनीस मोठा संशयी माणूस. रबरावर त्याचा भरवसा बसेना, म्हणून त्याने पट्टी स्वतःच्याच कपाळाला लावली. मी एकाहत्तर दाखवले. “म्हणजे डोक्यात काहीतरी आहे,” असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. तो शिक्का आजही आहे, त्या चिठ्ठीच्या खाली.

तिथून मी या रुग्णालयात आलो, थेट हृदयाच्या ऑपरेशनच्या खोलीत. तिथली माणसं तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागतील. हृदय उघडणारे डॉक्टर म्हणजे मोठे सर. हात सोन्याचे, स्वभाव तापट. पेशंटला भूल देऊन त्याच्या डोक्याशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टर म्हणजे मॅडम. हृदय थांबवलं की त्याचं काम एक यंत्र करतं. ते यंत्र चालवणारे पंपवाले काका. आणि माझ्या पट्ट्या लावणारी, माझी देखभाल करणारी तंत्रज्ञ. तिला सगळे पट्टीताई म्हणत.

पहिली दोन वर्षं माझे फार लाड झाले. बाहेरगावचे डॉक्टर मला बघायला येत. मोठे सर त्यांना सांगत, “हा आपला मेंदूवरचा पहारेकरी.” मी हरखून जायचो. पण लाड किती दिवस टिकणार? माझा एक दोष होता, तो मी लपवणार नाही. मी कधी कधी उगाच ओरडायचो. कपाळाला घाम आला आणि पट्टी सुटली, की ओरड. छतावरच्या मोठ्या दिव्याचा उजेड पट्टीखाली शिरला, की ओरड. मोठे सर रक्त थांबवायला विजेचा चटका देत, तेव्हा माझे आकडे थरथरत, की पुन्हा ओरड. झालं! पहारेकऱ्याचा मी रडूबाई झालो. “गप्प करा त्या रडूबाईला,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं.

आणि सगळ्यांचा लाडका कोण? तर बोटाला लावायचा चिमटा! तोही प्रकाशावरच चालतो, माझाच भाऊबंद. पण त्याचं सगळं नाडीच्या ठोक्यावर. पंप सुरू झाला की हृदय थांबतं, नाडी थांबते आणि चिमटेराव मूग गिळून बसतात. तेव्हा त्या खोलीत मेंदूचा पत्ता फक्त मला असायचा. तरी टोमणे मलाच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्या अंगावर ‘आवाज बंद’ असं एक बटण आहे. ते दाबलं की मी दोन मिनिटं गप्प बसतो. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू, कारण बनवणाऱ्यांनी मला तसंच बनवलंय. एकदा मोठ्या सरांचा पारा चढला आणि ते म्हणाले, “तिच्या तोंडाला काहीतरी लावा बघू!” पट्टीताईने जखमेवर लावायची चिकटपट्टी घेतली आणि माझ्या आवाजाच्या जाळीवर दुहेरी लावली. त्या दिवसापासून माझा आवाज गोधडीखालून बोलल्यासारखा येऊ लागला. बोलणं मात्र मी सोडलं नाही. का सोडावं? मला ज्या कामासाठी बनवलं, ते मी करत होतो.

अशीच काही वर्षं गेली आणि मॅडमनी एक नवी पद्धत सुरू केली. तोवर पट्ट्या लावल्या जायच्या ऑपरेशनच्या टेबलावर, पेशंट आडवा झाल्यावर. पट्टीताई त्याच्या डोक्यामागे उभी राहायची. मॅडम म्हणाल्या, “टेबलावर माणूस घाबरलेला असतो. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवून, चार शब्द बोलून पट्ट्या लाव. म्हणजे त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा मिळेल.” आणि ते खरंच होतं, कारण माझ्याकडे दोन माणसांची तुलना चालत नाही. कुणाचा नेहमीचा आकडा साठ असतो, कुणाचा पंचाहत्तर. ज्याची त्याची घसरण ज्याच्या त्याच्या आकड्यावरूनच मोजायची.

पद्धत चांगली होती. चूक तिच्या पोटात दडली होती. माझ्या एका तारेच्या टोकाला ‘डा’ लिहिलेलं होतं, दुसरीच्या टोकाला ‘उ’. डोक्यामागे उभं राहिलं की पट्टीताईचं डावं तेच आडव्या पेशंटचं डावं. पण खुर्चीवरच्या पेशंटसमोर तोंडाला तोंड देऊन उभं राहिलं, की सगळं उलटं! पट्टीताईचे हात सरावलेले. ‘डा’ आपल्या डाव्या हाताला, ‘उ’ उजव्या हाताला, आणि चिकटवून मोकळी. सव्वा महिना असंच चाललं. माझ्या दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा जोडीनेच चढत-उतरत, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. कुठली तार कुठे लावली हे मला दिसत नाही. मला जे नाव दिलं, तेच मी वाचून दाखवतो.

अशात एक दिवस खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या. कोर्टात दुभाष्याचं काम करणाऱ्या. साक्षीदार एका भाषेत बोलणार आणि या ते न्यायाधीशांना दुसऱ्या भाषेत सांगणार, शब्द इकडचा तिकडे न होऊ देता. हृदयाची एक झडप खराब झाली होती, ती बदलायची होती. सोबत त्यांची नणंद. दोघींची तीस वर्षांची भांडणं, आणि तीस वर्षांत एकीचं पान दुसरीवाचून हललेलं नाही, हे पाच मिनिटांत कळत होतं.

दुभाषीबाईंनी मॅडमना आधीच बजावलं होतं. पट्ट्या लावायच्या वेळी पुन्हा बजावलं.

“डॉक्टर, मला मरणाची भीती नाही. माझ्या भावाचं असंच ऑपरेशन झालं होतं. हृदय ठणठणीत झालं आणि बोलणं गेलं. आठ वर्षं जगला. तोंडात एकच शब्द उरला होता, ‘हो’. जेवलास का, हो. दुखतंय का, हो. त्याला नाही म्हणायचं असायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तोंडातून हो यायचं. मला तसं जगायचं नाही. माझं बोलणं सांभाळा.”

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. “माझ्या हातात आहे तेवढं सगळं करीन,” त्या म्हणाल्या. खोटं आश्वासन देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या भागात राहतं, मित्रांनो. ती जागा मला थेट दिसत नाही, ती माझ्या नजरेच्या थोडी पलीकडे आहे. पण तिला जाणारं रक्त आणि मला दिसणाऱ्या जागेचं रक्त एकाच वाटेने येतं. वाट कोरडी पडली, तर मला कळतं.

पट्टीताईने कपाळ पुसलं आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणत पट्ट्या लावल्या. “ही डावी. ही उजवी.”

दुभाषीबाईंनी मान तिरकी केली. “डावी म्हणजे कुणाची डावी? आमच्याकडे साक्षीदार म्हणाला ना, गाडी डावीकडून आली, की मी आधी हेच विचारते. तुमच्या डावीकडून का...”

“झालं!” नणंद मधेच म्हणाली. “इथेही उलटतपासणी! अगं, त्यांना त्यांचं काम करू दे.”

सगळे हसले. दुभाषीबाईही हसल्या. पट्टीताई हसत हसत म्हणाली, “डावी ती डावीच हो, ताई.” प्रश्न हशात वाहून गेला. मी आकडे नोंदवले. डावी सदुसष्ट, उजवी अडुसष्ट. दोन्ही नावं उलटी होती आणि मी ती ऐटीत झळकवत होतो.

ऑपरेशन सुरू झालं. छाती उघडली. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत मोठ्या सरांनी पंपाची नळी घातली आणि टाक्याने पक्की केली. “चालू करा,” ते म्हणाले. काकांनी पंप चालू केला. हृदय थांबलं. चिमटेराव गप्प झाले. आता खोलीत मी एकटा जागा होतो.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग माझ्या ‘उजव्या’ बाजूचा आकडा घसरू लागला. साठ. सत्तावन्न. त्रेपन्न. ‘डावी’ बाजू मात्र सत्तरच्या वर जाऊन बसली. असं मी कधी पाहिलं नव्हतं. एक बाजू उपाशी आणि दुसरीला अपचन! मी ओरडलो. गोधडीखालून का होईना, जीव तोडून ओरडलो.

“काय म्हणतेय रडूबाई?” मोठ्या सरांनी मान वर न करता विचारलं.

“उजवी बाजू पडतेय,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी बोट घालून उजवीकडे जाणारी धमनी चाचपली. “उजवी तर माझ्या बोटाखाली आहे. टच्च भरलेली आहे. काका, दाब?”

“एकदम छान, सर,” काका म्हणाले. दाब मोजायची सुई पेशंटच्या उजव्या मनगटात होती. तिथे रक्ताची चंगळ होती, मग दाब छान असणारच.

“मग ती उगाच रडतेय. बंद करा.”

पट्टीताईने बटण दाबलं. दोन मिनिटं मी मुका. ती दोन मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत. पडद्यावर आकडा उतरत होता. एकोणपन्नास, सत्तेचाळीस. मॅडमनी औषध देऊन दाब वाढवला. काकांनी पंपाचा जोर वाढवला. भरलेली बाजू आणखी भरली, कोरडी बाजू कोरडीच. दोन मिनिटं झाली आणि मी पुन्हा तोंड उघडलं.

“अरे, काय कटकट आहे!” सर कडाडले. “पट्टी सुटली असेल. बघा तिकडे, आणि बंद करा.”

बटण पुन्हा दाबलं गेलं. खरं सांगतो, तेव्हा मला सगळ्यांचा राग आला. सरांचा, काकांचा, त्या बटणाचा, बटण बसवणाऱ्याचा. पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा करावा, आणि खरी आग लागल्यावर पहारेकऱ्याच्याच तोंडावर हात ठेवावा! दोन मिनिटांनी मी पुन्हा ओरडणार होतो. त्यानंतरही. आकडा चाळिसावर येवो नाहीतर तिसावर, मी हार मानणार नव्हतो. पण ओरडणं एवढंच माझ्या हाती होतं. ऐकणं दुसऱ्या कुणाच्या हाती होतं.

पट्टीताई पट्टी तपासायला मॅडमच्या बाजूने डोक्याशी गेली आणि हिरव्या कापडाखाली दोन्ही हात घातले. पट्ट्या घट्ट होत्या. तिने कापड जरा उचललं. आणि ती तशीच थांबली. तिच्या डाव्या हाताखाली, पेशंटच्या डाव्या भुवईवर, जी तार होती तिच्या टोकाला ‘उ’ लिहिलं होतं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मास्क असूनही ते दिसलं. मित्रांनो, त्या क्षणी ती गुपचूप तारा बदलू शकली असती. कुणाला पत्ता लागला नसता. पण मग आकडा बाजू बदलून का पडला, हे समजायला सरांना आणखी पाच-सात मिनिटं गेली असती. आणि तेवढी मिनिटं दुभाषीबाईंच्या शब्दांजवळ नव्हती. माझं दोन मिनिटांचं कुलूप सुटलं. मी ओरडलो. तिचा हात सवयीने बटणाकडे आला आणि हवेतच थांबला.

“सर,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की काकांनाही ऐकू गेला नाही.

“बंद कर म्हटलं ना?”

“नाही करणार, सर.” आता ते सगळ्यांनी ऐकलं. “तो उगाच रडत नाहीये. बाजू उलट्या लागल्यात. मी लावल्यात. महिन्याभरापासून मी अशाच लावतेय. पडतेय ती डावी आहे.”

मोठ्या सरांचे हात जागच्या जागी थांबले. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते रागवायलाही थांबले नाहीत. उजवी टच्च भरलेली, डावी कोरडी, एवढं कळल्यावर त्यांना पुढचं कुणी सांगायला नको होतं.

“नळीचं टोक उजवीकडच्या फाट्यात घुसलंय,” ते म्हणाले. “सगळं रक्त तिकडेच चाललंय. काका, पंप हळू करा.”

त्यांनी टाका सैल केला, नळी अर्ध्या बोटाएवढी मागे ओढली, किंचित वळवली आणि पुन्हा पक्की केली. “चालू.”

माझ्या पडद्यावर एकेचाळीस होते. एकेचाळीसच राहिले. मॅडमची नजर माझ्यावर खिळली होती. मग बेचाळीस. पंचेचाळीस. बावन्न. पंप एका लयीत चालत होता आणि मी आकड्यामागून आकडा चढत होतो. चौसष्टवर आलो, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

“त्याच्या तोंडावरची ती पट्टी काढा आधी,” मोठे सर म्हणाले. पट्टीताईने नखांनी पट्टी खरवडली. जुना चिकटा काही केल्या निघेना, पण जाळी मोकळी झाली.

ऑपरेशन पार पडलं. दुभाषीबाईंना अतिदक्षता विभागात नेलं आणि त्यांच्याबरोबर मलाही. घशात श्वासाची नळी, डोळे मिटलेले. मोठ्या सरांनी नणंदेला बाजूला घेऊन काही न लपवता सांगितलं, “सात-आठ मिनिटं डाव्या बाजूला रक्त कमी पडलं. त्याने काय झालं, किंवा काहीच झालं नाही, ते त्या जाग्या होऊन बोलल्यावरच कळेल.” स्टूल ओढून नणंद माझ्या शेजारी बसली.

थोड्या वेळाने पट्टीताई आली. ती उभीच राहिली.

“चूक माझी होती,” ती म्हणाली. “त्यांनी मला विचारलं होतं. मी ऐकलं नाही.”

मला वाटलं, आता नणंदेच्या तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला असता तरी तो तिचा हक्क होता. पण ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “विचारत होती आणि मीच तिला मधे तोडलं. तीस वर्षं हेच करतेय मी. तिने तोंड उघडलं की मी बोलायचं. हिचं बोलणं एकदा बंद पडू दे, असंही म्हणाले असेन दहा वेळा.” मग तिने पट्टीताईला दुसरं स्टूल दाखवलं. दोघी बसून राहिल्या.

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, पट्टीताईला कामावरून काढायचं का? मॅडम फाडकन म्हणाल्या, “ती बोलली म्हणून पेशंट हाती लागलाय. बोलणाऱ्याला आज काढलंत, तर उद्या इथे चूक झाली तरी कुणी तोंड उघडणार नाही.” मोठे सर म्हणाले, “बोलणाऱ्याचं तोंड बांधायला मी सांगितलं होतं. काढायचं तर मलाही काढा.” विषय तिथेच मिटला. हे मला पट्टीताईने दुसऱ्या दिवशी माझ्या तारा पुसताना सांगितलं. यंत्राशी बोलायची तिला सवय आहे, आणि मी कुणाला सांगत नाही. आज तुम्हाला सांगितलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुभाषीबाईंच्या घशातली नळी काढली. खाटेभोवती सगळे जमले होते. माझे आकडे उत्तम होते, सहासष्ट आणि सदुसष्ट. पण मी आधीच सांगितलंय, मला रक्त दिसतं, शब्द दिसत नाहीत.

मॅडम वाकून म्हणाल्या, “बरं वाटतंय का?”

दुभाषीबाईंचे ओठ हलले. बऱ्याच वेळाने खरखरीत आवाज आला. “हो.”

“घसा दुखतोय का?”

“हो.”

नणंदेने खाटेची दांडी घट्ट धरली. पट्टीताईने डोळे मिटून घेतले. मोठे सर पायथ्याशी उभे होते, ते पुढे आले. कुणीच कुणाकडे बघेना.

“तुम्ही काम काय करता?” मॅडमनी विचारलं.

उत्तर आलं नाही. दुभाषीबाई छताकडे बघत होत्या. एक क्षण गेला, दुसरा गेला. नणंदेला ते सहन होईना. “दुभाषी आहे ती,” ती घाईघाईने म्हणाली, “कोर्टात, बावीस वर्षं झाली, दोन भाषा येतात तिला, तिसरी पण...”

“वन्सं.”

दुभाषीबाईंनी मान वळवली होती. आवाज फाटका होता. शब्द एकेक करून येत होते, पण सगळे जागच्या जागी.

“वन्सं, प्रश्न मला विचारलाय.”

नणंद हसली की रडली ते मला कळलं नाही, ते मोजायचं साधन माझ्यात नाही. “बोल बाई, बोल,” ती म्हणत राहिली. “तूच बोल. आता मी नाही मधे यायची.” आणि मग एका दमात ती इतकं बोलली की परिचारिकेने तिला बाहेर काढलं.

मित्रांनो, त्यानंतरही मी बरीच वर्षं काम केलं. आता पट्टी लावण्याआधी पेशंटला आपल्या डाव्या कानाला हात लावायला सांगतात, आणि मग त्याच बाजूला ‘डा’ चिकटवतात. साधी गोष्ट आहे, पण ती कागदावर यायला एका बाईचे सगळे शब्द पणाला लागले. उद्या माझ्या जागी नवा मॉनिटर येणार आहे. येऊ दे. तोही ओरडेल, कधी उगाच ओरडेल, आणि त्याचाही सगळ्यांना वैताग येईल.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरातही असा कुणीतरी असेल, सारखी कुरकुर करणारा, नको तेव्हा प्रश्न विचारणारा. दहा वेळा तो चुकला असेल. अकराव्या वेळी त्याला गप्प करण्याआधी उठा, जवळ जा, कापड उचलून बघा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुम्हीच तो असाल, तर लोकांनी दिलेल्या नावांना घाबरून बोलणं सोडू नका. मी सोडलं नाही. बाबू आता हातगाडी घेऊन दाराशी आलेत. न्या म्हणावं. माझी वायर अजून भिंतीत आहे, आणि ती काढेपर्यंत मी बोलणार.